हाताचा शीण, जिवाचा शीण

प्रिय मावशी,

वय ४२, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला. एका विमा कंपनीचे तक्रारीचे फोन घेते, अकरा वर्षं झाली. दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्यावर ओरडतात आणि मी प्रत्येकाला शेवटी विचारते, 'आणखी काही मदत करू का?' घरी सासूबाईंचा गुडघा बदललाय, मुलगा दहावीत आहे. अहो समजूतदार आहेत, सांगितलं की करतात. म्हणजे तक्रार करावी असं काही नाही. पण गेले चार-पाच महिने आतून रिकामी झालेय. मुलाने चाचणीत छान मार्क आणले, तेव्हा मी त्याला ऑफिसच्या आवाजात 'अरे वा, अभिनंदन' म्हणाले. तो माझ्याकडे बघतच राहिला.

माझी आजी मावळातली. ती आता नाही. मामेबहिणीने तिच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्यातली एक मला पाठवली:

हाताचा बाई शीण, झोपंनं निवाला
जिवाचा बाई शीण, सांगिते जात्याला

ही ओवी मी ठाण्याहून ऐरोलीला जाताना रोज ऐकते आणि रोज रडते. आजी पहाटे तीनला उठून दळायची, विहिरीचं पाणी भरायची, नऊ बाळंतपणं झाली तिची. माझ्याकडे वॉशिंग मशीन, मिक्सर, एसी ऑफिस. मला थकायचा हक्क तरी आहे का? की हे सगळं नाटक?

आणखी एक. ऑफिसात 'वेलनेस वीक' आहे. एचआरच्या मुलीसमोर ओवीबद्दल बोलून गेले, आता तिला ती मी स्टेजवर गायला हवी आहे. गाऊ का?

रिकामी, कळवा

---

रिकामे (हे कसलं नाव घेतलंस गं),

तुला 'तू'च म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र बाजूला ठेवून आधी ती ओवीच पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्या आजीने दोन ओळींत दोन शीण वेगळे करून ठेवलेत. एक हाताचा, तो झोपेने जातो. दुसरा जिवाचा, तो झोपेने जात नाही, कुणाला तरी सांगावा लागतो. तुझं पत्र हे या दुसऱ्या ओळीचं आहे आणि तू स्वतःला तपासतेयस पहिल्या ओळीच्या मापाने. आजीने पाणी भरलं, मी मशीन लावते, म्हणून मी थकायचं नाही. हा हिशोब हाताचा झाला. जिवाचा शीण वॉशिंग मशीनने कमी होत नाही, कारण तो कपडे धुऊन आलेलाच नाही.

तो कशाने येतो, ते बघ. अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास केला आणि १९८३ साली मांडलं, की पगार घेऊन हसणं, राग गिळणं, समोरच्याला बरं वाटेल असा चेहरा आणि आवाज ठेवणं हे स्वतंत्र श्रम आहेत. ओझं उचलण्याइतकेच खरे. तू हेच श्रम दिवसाला साठ-सत्तर वेळा करतेस. ज्यांच्या क्लेमचे पैसे अडकलेत त्यांचा राग खरा असतो, पण ते पैसे तू अडकवलेले नसतात आणि सोडवूही शकत नाहीस. राग तेवढा तुझ्या कानात राहतो. मग घरी येऊन सासूबाईंशी गोड बोलायचं, मुलाला धीर द्यायचा, अहोंचं ऐकून घ्यायचं. एकाच कणगीतून किती जणांना काढून द्यायचं?

याला नाव १९७४ मध्ये मिळालं. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर व्यसनी मुलांसाठीच्या मोफत दवाखान्यात रात्री काम करायचे. तिथले मनापासून झटणारे कार्यकर्तेच काही महिन्यांत विझून जाताना त्यांनी पाहिले. स्वतःचंही तेच झालं होतं. त्यांनी शब्द वापरला 'बर्नआउट'. एक लक्षात घे, विझत होते ते झटणारे होते, कामचुकार नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची खुलासेवार व्याख्या केली. हा आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न सावरला गेल्याने होणारी अवस्था, असं म्हटलंय आणि तीन खुणा दिल्यात: शक्ती संपून जाणं, कामापासून मन लांब जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मुलाला ऑफिसच्या आवाजात अभिनंदन केलंस, ती दुसरी खूण घरापर्यंत आली. मन इतकं लांब गेलंय की पोटच्या पोराशी बोलतानाही ते फोनवरच आहे.

आता गंमत (गंमत कसली) अशी, की ही व्याख्या फक्त नोकरीपुरती आहे. घरच्या शिणाला हा शब्द लावू नये, असं त्या संघटनेने स्पष्ट लिहिलंय. शास्त्राला सीमा आखाव्या लागतात, मान्य. पण कळव्याच्या दोन खोल्यांत पहाटे पावणेपाचला सुरू होणाऱ्या पाळीचं काय? आजीच्या ओवीत असल्या सीमा नव्हत्या. नांदणं हीच तिची नोकरी होती.

म्हणून 'हक्क आहे का' हा प्रश्न मला फार लागला. आपल्याला लहानपणापासून ऐकवलं गेलंय, की आमच्या काळी बायका एवढं करायच्या पण कुणी थकले म्हणायचं नाही. हे साफ खोटं आहे आणि त्याचा पुरावा तुझ्या फोनमध्ये आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमच्या मावळ-मुळशीकडच्याही त्यात पुष्कळ. त्यात राम आहे, पंढरपूर आहे, भाऊराया आहे, आणि सासरचा जाच, माहेरची ओढ, सीतेचा वनवासही आहे. सीतेचं दुःख गाताना बाई कुणाचं दुःख गात असेल, हे काय सांगायला हवं? त्या बायका थकत होत्या आणि म्हणतही होत्या. पहाटे म्हणायच्या, घर झोपलेलं असताना म्हणायच्या, आणि दगडाच्या घरघरीत म्हणायच्या. ऐकायला उठायचं कुणी नाही आणि मग सकाळी सांगायचं, आमच्याकडे कुणी तक्रार करत नसे.

तेव्हा हक्काचं म्हणशील तर तो तुझ्या आजीनेच बजावून ठेवलाय. तू वारस आहेस.

पण इथून पुढे मी जरा वेगळं बोलणार आहे. तुला कदाचित वाटलं असेल, मावशी म्हणेल, 'ओव्या गा, मन मोकळं कर, बरं वाटेल.' बरं वाटेलही. पण ओवीने दळण कमी झालं नाही गं. सुपातलं धान्य ओवी गाऊन पसाभरही घटलं नाही. ते घटवलं गिरणीने. माझी आई जुन्नरकडची. तिच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ती नवी सून होती. मी एकदा हौसेने विचारलं, 'आई, जातं बंद झालं तेव्हा ओव्या गेल्या, वाईट नाही वाटलं?' ती म्हणाली, 'मी देवापुढे साखर ठेवली.' एवढंच म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

तर तुझ्या घरात गिरणी कुठे बसवता येईल, ते आपण बघू.

पहिली जागा पोळ्या. तू संध्याकाळी आठला घरी येऊन उभ्याने चार माणसांच्या पोळ्या लाटत असणार, तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतं. कळवा असो की नौपाडा, आपल्याकडे चार पावलांवर पोळी-भाजी केंद्र आहे. आठवड्यातले पाच दिवस पोळ्या तिथून आण. सासूबाई म्हणतील, 'विकतच्या पोळ्या?' म्हणू देत. गिरणीचं पीठ गरम होतं, जात्याच्या भाकरीची चव त्याला नाही, असं त्यांच्या सासूबाईही म्हणाल्याच असतील. आणि तरी डबा घेऊन गिरणीत पाठवलंच असेल.

दुसरी जागा अहो. 'सांगितलं की करतात' हे वाक्य तू कौतुकाने लिहिलंस. मला त्यातच अर्धं दळण दिसलं. आठवण ठेवायची तू, वेळ बघायची तू, सांगायचं तू, झालं का विचारायचं तू. त्यांच्या वाट्याला उरतो तो फक्त हात हलवणं, आणि हातांचा शीण झोपेने जातो हे आपल्याला आजीने सांगितलंच आहे. त्यांना सुटी सुटी कामं देऊ नकोस. एक आख्खं खातं दे. त्यांच्या आईचा गुडघा घे: फिजिओची वेळ, गोळ्या संपल्या का, डॉक्टरांची पुढची तारीख, रिक्षा. हे सगळं त्यांचं. एखादी तारीख चुकेल. चुकू दे, तू आठवण करायची नाही. पहिले पंधरा दिवस जीभ चावून बसावं लागेल.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मी हटून बसणार आहे. जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं. मग दाणा भरडला जात नाही, नुसता घरंगळतो. अशा वेळी बाई जास्त जोर लावून जातं फिरवत नव्हती. टाकी (म्हणजे छिन्नी) लावणारी हाक देत यायची, तिला बोलावून वरचा दगड उतरवायचा, दोन्ही दगडांना नव्याने खाचा पाडून घ्यायच्या. तेवढा वेळ दळण बंद. बंद म्हणजे बंद, दगडच उतरवलेला असतो. तुझं जातं गुळगुळीत झालंय आणि तू रोज सकाळी कळव्याहून ठाणे, पूल चढून नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म आणि ऐरोलीची गाडी असं करत त्याला जास्त जोर लावतेयस.

रजा घे. अकरा वर्षांच्या नोकरीत तुझ्या खात्यावर रजा पडून असणार. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे, आणि अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तुझ्या पगारपत्रकात किंवा त्या ऑफिसच्या अॅपमध्ये आकडा दिसेल, आजच बघ. निदान सलग दहा दिवस. मुलाच्या परीक्षेसाठी राखून ठेवलीय, असं म्हणशील, माहीत आहे मला. फेब्रुवारीत त्याला कुठली आई हवी असेल, ऑफिसच्या आवाजात अभिनंदन करणारी?

आणि आधीच सांगून ठेवते, पहिले दोन-तीन दिवस बरं वाटणार नाही. नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या पहिल्या पिठात दगडाची कचकच येते. तसंच चिडचिड होईल, अपराधी वाटेल, कपाट आवरायला घेशील. कपाट आवरू नकोस.

माझं एक सांगते, आतापर्यंत फार कमी जणांना सांगितलंय. मी ठाण्यातल्या एका शाळेत शिकवायचे. एका वर्षी मार्चमध्ये शाळा सुटल्यावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तलावपाळीवर बसले ते दिवे लागेपर्यंत. काही केलं नाही. रडलेही नाही. भेळवाल्याने दोनदा विचारलं, 'बाई, कुणाची वाट बघताय का?' मी स्वतःला आळशी ठरवलं. महिन्याभराने नवऱ्याने ओढून डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं, हिमोग्लोबिन ८ वर आलंय. म्हणजे जिवाच्या शिणात शरीराचाही मोठा वाटा होता आणि मी तो सोसत बसले होते. म्हणून तूही रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. बेचाळिशीत पाळीच्या चक्रातही बदल सुरू होतात, झोप मोडते, रडू येतं. तेही बाईडॉक्टरांना विचार.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन खिन्न असेल, आवडीच्या कशातच गोडी वाटत नसेल, सुट्टीच्या दिवशीही तसंच असेल, भूक-झोप बिघडली असेल, तर हे कामाच्या शिणापलीकडचं असू शकतं. मग मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. आणि आपण नसलेलंच बरं, असा विचार एकदाही आला, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी घरात सांगायचं आणि डॉक्टर गाठायचा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. फोन घेणारीलाच फोन कर म्हणतेय, कळतंय मला. पण एकदा त्या बाजूला बसून तर बघ. 'आणखी काही मदत करू का' हे कुणीतरी तुला विचारेल.

लोक काय म्हणतील, हे तू लिहिलं नाहीस, पण आपल्या गावात हा प्रश्न जन्मालाच चिकटलेला आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून उभ्या महाराष्ट्रात कुणी जरा वेगळं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायची पद्धत आहे. तू तर रोज ठाण्याला येतेस, गाडी बदलायला. कुणी टोमणा मारला तर हे उत्तर तयार ठेव.

आता तुझ्या रडण्याकडे येते. ओवी ऐकून रडतेस, रड. ते मला बरं लक्षण वाटतं, पार कोरडी झालेली बाई रडत नाही. पण एक खटकलं. जात्यावर बहुतेकदा दोघी बसायच्या. समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एक ओळ टाकायची, दुसरी झेलायची. जावाजावा असायच्या, नणंद-भावजय असायच्या, दिवसा एकमेकींशी धड बोलतही नसतील, पण पहाटे खुंटा एकच. 'सांगिते जात्याला' म्हणताना तुझ्या आजीसमोर बहुधा कुणीतरी बसलेली होती. जात्याला सांगायचं हे निमित्त होतं, ऐकत ती होती.

तुझ्या समोर कुणी नाही. तू लेडीज डब्यात बसतेस आणि दोन्ही कानांत यंत्र घालतेस. दिवसभर कानात लोकच असतात, गाडीत तरी नकोत, हे मी समजू शकते. पण त्याच डब्यात कुणीतरी मटार सोलत असते, कुणाची उद्याची मेथी निवडून होते, कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगत असते. आठवड्यातून एक दिवस एक कान मोकळा ठेव. लगेच मन मोकळं करायला जाऊ नकोस, अर्धी जुडी मेथी मागून घे आणि निवड. पुढचं आपोआप होतं. आणि ज्या मामेबहिणीने ओवी पाठवली, तिला तू काय उत्तर दिलंस? हात जोडलेलं चित्र पाठवलं असशील. तिला फोन लाव. तिने नेमकी हीच ओवी का निवडली, विचार. मला शंका आहे, तिचंही जातं गुळगुळीत झालंय.

राहिला स्टेजचा प्रश्न. माझा आधी संताप झाला. वर्षभर बायकांना फोनला जुंपायचं आणि एका आठवड्यात योगा, फुगे आणि आजीची ओवी! पण ती एचआरची मुलगी पंचविशीची असेल, तिलाही तिचं टार्गेट असेल. तिला तोडून बोलू नकोस.

नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण, कारण द्यायची गरज नाही. ही ओवी तुझ्या आजीने टाळ्यांसाठी गायली नव्हती. गावीशी वाटली तर मात्र सजवून गाऊ नकोस. मागे तबला नको, नऊवारी नको, 'आपली थोर परंपरा' असं निवेदन तर अजिबात नको. दोन ओळी म्हण, आणि मग तुझ्या साध्या आवाजात सांग, की या मजल्यावर दोन फोनच्या मध्ये पाणी प्यायलाही वेळ मिळत नाही, आणि शिवीगाळ करणाऱ्याचा फोन ठेवायची परवानगी आम्हाला हवी आहे. गिरणी मागायची तर जिथे धान्य येतं तिथेच मागावी लागते. हे एकटीने म्हणायला भीती वाटत असेल, आणि वाटणारच, नोकरी आहे ती, तर शेजारच्या दोघी-तिघींना आधी विचार. कुणी खुंटा धरायला तयार नसेल तर गप्प राहा आणि रजेचा अर्ज टाक. त्यात कमीपणा नाही.

मुलाला त्या मार्कांबद्दल पुन्हा एकदा सांग. या वेळी घरच्या आवाजात, आणि जमलं तर त्या दिवशी तसं का म्हणालीस तेही. दहावीतलं पोर आहे, कळतं त्याला.

त्या रेकॉर्डिंगमध्ये पुढच्या ओव्या असतील, जात्यावर बसलेली बाई दोन ओळींत उठत नाही. रजेत मामेबहिणीकडून सगळं रेकॉर्डिंग मागवून घे, आणि आजीने पुढे काय म्हटलंय ते मलाही लिहून पाठव.

तुझी,
मावशी